टिग मशीन घेण्यापूर्वी : अर्नाळ्याला पाहिलेले आणि आपल्याला उपयोगी पडणारे



आमचे काम ऊस विकासाचे. बेणे कोणते घ्यावे, सरी किती फुटांची ठेवावी, खोडव्याला पाचट कसे आच्छादावे, यावर आम्ही या पानांतून नेहमी लिहितो. या खेपेस विषय वेल्डिंग मशीनचा आहे. "शेतकी अधिकाऱ्याला वेल्डिंगचे काय पडले?" असे कोणी विचारील. परंतु गेल्या दोन वर्षांत गट ऑफिसात खतापेक्षा याच गोष्टीची चौकशी जास्त झाली. सभासदांची मुले आय.टी.आय. करून येतात, रस्त्याकडेला पत्र्याचे शेड टाकतात आणि ऊसबिलाच्या पैशांतून मशीन घेतात. मशीन बरोबर निघाले तर मुलगा गावात स्थिरावतो. चुकीचे निघाले तर मशीन पोत्याखाली जाते आणि मुलगा परत शहराची वाट धरतो. असा एक प्रकार आमच्या डोळ्यांसमोर घडला, म्हणून हे लिहिणे.

आमच्या गटातील एका सभासदाचा मुलगा वेल्डर ट्रेडचा एक वर्षाचा कोर्स करून दोन वर्षे एम.आय.डी.सी.त होता. घरी दोन एकर ऊस आणि चार जनावरे. वडिलांची इच्छा, पोराने घरीच काही करावे. दूध संस्थेचे ॲल्युमिनियमचे कॅन फुटतात, त्यांच्या कडा उसवतात, जोडायला तालुक्याला न्यावे लागतात. हे काम मिळवायचे म्हणून मुलाने टिग मशीन घेतले. विकणाऱ्याने सांगितले, "हे सगळं जोडतं." पहिल्याच दिवशी कॅनचा जोड काळा पडला, दुसऱ्या प्रयत्नात कॅनला रुपयाएवढे भोक पडले. संस्थेला कॅन भरून द्यावा लागला. वडील आमच्याकडे आले ते एवढेच म्हणाले, "साहेब, वर्षाचं बिल गेलं. आता पोरगं राहतंय का जातंय ते बघायचं."

आम्हालाही त्या वेळी सांगता आले नाही की चूक कशात झाली. ते कळले अर्नाळ्याला.

अर्नाळ्याचा किनारा

आमची बहीण विरारला दिलेली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो असता मेहुण्यांबरोबर अर्नाळ्याला जाणे झाले. विरार स्टेशनवरून आगाशीमार्गे बस जाते. हा वसई तालुक्याचा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आला. किनाऱ्यावरून समोर बेटावरचा अर्नाळा किल्ला दिसतो. मराठ्यांनी १७३७ साली तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि पुढे दोन वर्षांनी वसई पडली. वाटेत केळीच्या, पानवेलीच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्या लागतात. आगाशीची सुकेळी प्रसिद्धच आहेत. वसईच्या या बागायतीत एके काळी ऊसही होत असे, अशी ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. तेव्हा आम्ही अगदीच परक्या मुलखात नव्हतो म्हणायचे.

पण अर्नाळ्याची खरी कमाई दर्याची. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बोटी वर ओढलेल्या, ताडपत्रीने झाकलेल्या. जाळी दुरुस्त करणे, रंग देणे, एंजिन खोलणे हे सगळे याच दिवसांत. आपल्या कारखान्याचा बंद हंगाम असतो तसाच हा प्रकार. आपण गव्हाण बंद झाली की मिल खोलतो, तसे हे लोक दर्या बंद झाला की बोट खोलतात. आणि दोन्ही ठिकाणी वेल्डरला जेवायला सवड नसते.

तिथल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोन तास बसलो. मिस्त्री वीस वर्षांचा अनुभवी. समोर स्टेनलेस स्टीलची पाण्याची टाकी आणि बोटीच्या कठड्याचे पाइप. आम्ही आमच्या मुलाची हकीगत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, मशीनवर ए.सी. लिहिलंय का नुसतं डी.सी.?" आम्हाला सांगता येईना. गावी मुलाला फोन लावला. नुसते डी.सी. होते. "मग मशीन वाईट नाय. ते ॲल्युमिनियमसाठी नायच," मिस्त्री म्हणाले.

पुढे जे ऐकले ते परतल्यावर आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपमधील जाणत्या मंडळींकडून पडताळून घेतले आणि मगच इथे मांडत आहोत.

टिग म्हणजे काय

आपल्या गावात जे वेल्डिंग चालते ते काडीचे, म्हणजे आर्क वेल्डिंग. काडी स्वतः वितळते आणि जोडात भरते. काडीवरच्या लेपाचा धूर होऊन तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. नंतर वर खपली राहते, ती हातोडीने झाडायची.

टिगमध्ये टॉर्चला टंगस्टनची बारीक सुई असते. टंगस्टन सुमारे ३४०० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून सुई जळत नाही, फक्त ठिणगी धरते. तिच्याभोवती टॉर्चमधून आर्गॉन वायू सुटतो. हा वायू कशाशीच संयोग पावत नाही, त्यामुळे जोडापर्यंत हवा पोचत नाही. भरायची तार दुसऱ्या हाताने वेगळी द्यायची. खपली नाही, ठिणग्यांचा पाऊस नाही, जोड स्वच्छ. मात्र काम सावकाश आणि हात बसलेला पाहिजे.

ही पद्धत अमेरिकेत विमानाच्या कारखान्यात निघाली. मॅग्नेशियमचे हलके भाग जोडण्यासाठी रसेल मेरेडिथ यांनी १९४१च्या सुमारास ती बसवली आणि १९४२ साली तिचे पेटंट मिळाले. तेव्हा आर्गॉनऐवजी हेलियम वापरत. म्हणजे तिचा जन्मच पातळ आणि नाजूक धातूसाठी झाला, हे ध्यानात ठेवावे.

पहिला प्रश्न : जोडायचे काय?

मशीन पाहण्याआधी कागद घेऊन लिहावे, की आपल्या पाच-सात गावांत कोणते काम मिळणार आहे.

उसाची ट्रॉली, टायरगाडी, नांगर, फण, शेडचे अँगल, गेट हे सगळे जाड लोखंड. याला टिगची गरज नाही. उघड्यावर, गंजलेल्या आणि मातकट लोखंडावर काडीचे मशीनच उत्तम. टिगला गंज, रंग, तेल काहीच चालत नाही. आधी घासून पांढरा पत्रा काढावा लागतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपावरही टिग चालवू नये. जस्ताची वाफ सुई खराब करते आणि छातीत गेली तर ताप आणते.

इथेच एक गोष्ट कळकळीने सांगतो. ट्रॉलीच्या हुकाचा आणि दांड्याचा जोड हे शिकाऊ हाताचे काम नव्हे. रात्री भरल्या उसाची मागची ट्रॉली चढावर सुटली, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे काय होईल, हे सांगायला नको. असा जोड जाणत्या वेल्डरकडून योग्य काडीने, पूर्ण भरून घ्यावा. त्यात मशीन महाग की स्वस्त याचा काही संबंध नाही.

स्टेनलेस स्टील हे टिगचे खरे घर. स्टीलचे दूधकॅन, बल्क कूलरच्या नळ्या, हॉटेलची टेबले, मंदिराचे कठडे, फवारणीच्या टाक्या ही कामे आता खेडोपाडी आहेत. याला डी.सी. मशीन पुरते.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. त्याच्यावर कायम ऑक्साइडचे पापुद्र्यासारखे आवरण असते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण ते आवरण दोन हजार अंशांच्या पुढे. नेहमीच्या डी.सी. जोडणीवर ते आवरण तसेच राहते आणि आतला धातू पाणी होऊन निसटतो. आमच्या मुलाच्या कॅनला भोक पडले ते यामुळेच. ए.सी.मध्ये प्रवाहाची दिशा सतत उलटते. एका दिशेत आवरण फुटते, दुसऱ्या दिशेत धातू वितळतो. म्हणून ॲल्युमिनियम जोडायचे असेल तर ए.सी./डी.सी. असे दोन्ही लिहिलेलेच मशीन हवे. त्याची किंमत नुसत्या डी.सी.पेक्षा बरीच जास्त असते. रोजचे काम नसेल तर तो पैसा गुंतवू नये.

अँपिअर आणि दम

ढोबळ हिशेब असा, की लोखंडाच्या जाडीला दर मिलिमीटरला ३० ते ४० अँपिअर लागतात. ३ मि.मी. पत्र्याला १०० ते १२० अँपिअर. ॲल्युमिनियमला याहून थोडे जास्त. गावच्या कामाला २०० अँपिअरचे मशीन पुष्कळ झाले. ४००चे घेऊन ८० वर चालवणे म्हणजे दोन एकरांच्या पाण्याला वीस अश्वशक्तीची मोटर लावणे. उलट खालचा आकडा जरूर पाहावा. पातळ पत्र्यासाठी मशीन ५ ते १० अँपिअरवर शांतपणे जळले पाहिजे.

दुसरा आकडा 'ड्यूटी सायकल'. याला आम्ही मशीनचा दम म्हणतो. "२०० अँपिअर, ६० टक्के" याचा अर्थ दर दहा मिनिटांत सहा मिनिटे चालवावे, चार मिनिटे थांबावे. हा आकडा साधारणपणे ४० अंश तापमान धरून दिलेला असतो. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा त्याच्या वर जातो, तेव्हा दम आणखी कमी समजावा. काही मशीनवर मोठ्या अक्षरात २०० लिहितात आणि बारीक अक्षरात २० टक्के. बारीक अक्षर आधी वाचावे.

वीज

आपल्याकडे निम्मी मशीने विजेपायी आजारी पडतात. २०० अँपिअरवर टिगची ठिणगी साधारण १८ व्होल्टची असते. दोन्हीचा गुणाकार ३६०० वॅट. मशीनमध्ये जाणारा व्यय धरून साडेचार ते पाच किलोवॅट घ्यावे. त्याच मशीनवर १६० अँपिअरने काडी चालवली तर ठिणगी २६ व्होल्टच्या आसपास असते, म्हणून काडी टिगपेक्षा जास्त वीज खेचते. घरातील कनेक्शनचा मंजूर भार यापुढे तोकडा पडतो. वर्कशॉपसाठी रीतसर वेगळे कनेक्शन घ्यावे. शेतीपंपाच्या कनेक्शनवर वर्कशॉप चालवणे हा विद्युत कायदा २००३ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचे बिल येते. चार पैसे वाचवायला जाऊन चाळीस घालवू नयेत.

शेडमध्ये संध्याकाळी मीटर लावून व्होल्टेज मोजावे. पंप सुरू असताना ते १८०च्या खाली जात असेल, तर मशीन किती व्होल्टेजपर्यंत तग धरते हे दुकानदाराकडून लिहून घ्यावे. नुसते तोंडी "चालतंय हो" यावर विसंबू नये.

आजकाल मिळणारी मशीने बहुतेक इन्व्हर्टर जातीची असतात. हातात उचलून नेता येतात, वीज कमी खातात. पण आत नाजूक पट्ट्या असतात आणि पंखा बाहेरची हवा आत ओढतो. अर्नाळ्याला मिस्त्री मशीन जमिनीपासून वर, किनाऱ्याकडची बाजू बंद करून ठेवतात, कारण खारी हवा आतल्या पट्ट्या खाते. आपल्याकडे खारी हवा नाही, पण बगॅसचा भुसा आणि ग्राइंडरचा लोखंडी चुरा आहे. चुरा आत गेला की मशीन बसलेच. ग्राइंडर आणि मशीन शेजारी ठेवू नयेत, आणि मशीन बंद करून, प्लग काढून, ठराविक दिवसांनी कोरड्या हवेने फुंकावे.

टॉर्च, सुई आणि तार

ठिणगी सुरू करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत सुई टेकवून उचलायची, दुसरीत बटण दाबले की न टेकवता ठिणगी धरते. दुसरी, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी, स्टीलच्या कामाला चांगली. सुईचा कण जोडात राहत नाही. मात्र तिने जवळची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बिघडू शकतात, म्हणून दुधाच्या फॅटमशीनजवळ किंवा वजनकाट्याजवळ ती चालवू नये.

२०० अँपिअरपर्यंत हवेने थंड होणारी टॉर्च पुरते. पायाच्या पेडलची सोय असेल तर घ्यावी. शिलाई मशीनसारखा पाय दाबून प्रवाह कमी-जास्त करता येतो, आणि पातळ पत्रा वाचतो.

टंगस्टनच्या सुया रंगाने ओळखतात. लाल टोकाच्या सुईत थोरियम असते. ते किंचित किरणोत्सारी आहे आणि टोक घासताना धूळ छातीत जाते. सोनेरी किंवा निळ्या टोकाची लँथेनमची सुई डी.सी. आणि ए.सी. दोन्हींना चालते. ती घ्यावी.

तार धातू पाहून घ्यावी. ३०४ स्टीलला ३०८ एल, ३१६ला ३१६ एल. अर्नाळ्याला ३१६चा आग्रह धरतात, कारण त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि समुद्राच्या मिठापुढे ते जास्त टिकते. ३०४वर तिथे बारीक खड्डे पडतात. आपल्या गोड्या पाण्याच्या मुलखात ३०४ भागते. उगाच महाग माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये.

एक गंमतीची गोष्ट. दुधाची स्टील नळी जोडताना आतूनही आर्गॉन भरावा लागतो. तो न भरल्यास जोडाची आतली बाजू काळी, खरखरीत, रवाळ होते. वेल्डर लोक याला 'शुगरिंग' म्हणतात, म्हणजे साखर धरणे! आपण साखर तयार करणारे, परंतु ही साखर वाईट. तिच्या खाचांत दूध अडकते, नासते आणि सगळ्या टाकीला वास लावते. अशा जोडापायी दूध परत आले तर पुन्हा काम मिळत नाही.

गॅसचा खर्च

नवखा माणूस मशीनचा हिशेब करतो आणि गॅस विसरतो. शुद्ध आर्गॉनच लागतो. दुसऱ्या मशीनचा कार्बन डायऑक्साइड किंवा मिश्र गॅस इथे लावला तर सुई जळून जाते. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर गॅस येतो. मिनिटाला ८ लिटर धरल्यास ८७५ मिनिटे, म्हणजे साडेचौदा तास प्रत्यक्ष ठिणगीचे. शिवाय ठिणगी विझल्यावरही काही सेकंद गॅस चालू राहिला पाहिजे, तो सुई आणि जोड निवेपर्यंत त्यांना वाचवतो. दहा अँपिअरला एक सेकंद हा साधा ठोकताळा. मशीनवर ही वेळ लावायची सोय आहे का ते पाहावे.

वाऱ्यात गॅस उडतो आणि जोडाला भोके पडतात. अर्नाळ्याला तिन्ही बाजूंनी ताडपत्री लावून काम चालले होते. "वारा आला की गॅस जातो, गॅस गेला की पैसा," मिस्त्री म्हणाले. तेव्हा सिलिंडर भरून मिळणारे ठिकाण किती लांब, अनामत किती, ने-आण कोण करणार, हे मशीन घेण्यापूर्वी ठरवावे.

जिवाची काळजी

आर्गॉन विषारी नाही, पण हवेपेक्षा जड आहे. बोटीच्या पोटात, टाकीत, खड्ड्यात तो खाली साचतो आणि प्राणवायूला बाहेर ढकलतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस न कळता खाली बसतो. अर्नाळ्याला बोटीच्या कप्प्यात उतरताना वर एक माणूस उभा असतो आणि पंखा चालू असतो. आपल्याकडे मळीची टाकी, दुधाची टाकी, विहीर यांना हाच नियम लावावा.

टिगची ठिणगी धूर करत नाही म्हणून सौम्य वाटते, पण तिचा अदृश्य प्रकाश काडीपेक्षा प्रखर असतो. उघडी कातडी भाजते, डोळ्यांत रात्री वाळू टोचल्यासारखे होते. मुखवटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेतच. स्टीलचा धूर छातीला वाईट, तोंड जोडावर वाकवू नये. डिझेलची किंवा औषधाची रिकामी टाकी आणि पिंपे जोडायला घेऊच नयेत, मग गिऱ्हाईक कितीही जवळचे असो.

मुलाचे पुढे काय झाले

परत आल्यावर आम्ही वडील आणि मुलगा दोघांना गट ऑफिसात बसवून हे सगळे सांगितले. वडिलांच्या मनात मशीन विकायचे होते. मुलगा म्हणाला, "काका, चूक माझीच. मी कंपनीत डी.सी.वर स्टीलच जोडायचो, तेच इथं का नाही केलं?" त्याने ॲल्युमिनियम सोडले. आता तो स्टीलचे कॅन, चहाच्या हॉटेलची टेबले आणि कठडे करतो. त्याच मशीनला काडीचीही सोय आहे, त्यावर गेट आणि शेडचे काम निघते. ॲल्युमिनियमचा कॅन आला तर तालुक्याला पाठवतो आणि तसे तोंडावर सांगतो. दूध संस्थेने बल्क कूलरच्या नळीचे काम त्याला दिले, तेव्हा वडील आमच्याकडे पेढे घेऊन आले. बिल अजून पुरते वसूल झालेले नाही, परंतु पोरगे गावात आहे.

सारांश : मशीन घेताना काय विचारावे

१. मिळणारे काम लोखंडाचे, स्टीलचे की ॲल्युमिनियमचे? लोखंडच असेल तर टिग नको.
२. मशीनवर डी.सी. आहे की ए.सी./डी.सी.?
३. २०० अँपिअरवर दम किती टक्के, आणि किती अंश तापमानाला?
४. सर्वांत कमी अँपिअर किती?
५. आपल्या शेडमधील व्होल्टेजला ते चालेल का, हे लेखी मिळेल का?
६. दुरुस्ती कोठे होते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात?
७. गॅस, रेग्युलेटर, टॉर्च, सुया, मुखवटा धरून एकूण खर्च किती?
८. आपला धातू आपल्या हाताने, त्या मशीनवर, पैसे देण्यापूर्वी जोडून पाहता येईल का? 'नाही' म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

भांडवल कमी पडत असेल तर २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेची बँकेत चौकशी करावी. त्यातील 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. ऊसबिल सगळेच्या सगळे एका मशीनमध्ये घालू नये. खोडव्याचे खत त्यातूनच यायचे असते.

ज्या सभासदांच्या मुलांना मशीन घ्यायचे आहे त्यांनी आधी आम्हाला गट ऑफिसात भेटावे. बंद हंगामात कारखान्याच्या वर्कशॉपमधील वेल्डर मंडळींशी त्यांची गाठ घालून देऊ. बेणे जसे मळा पाहून निवडतो, तसे मशीन काम पाहून निवडावे, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी